अठरा पोती

वहिनी, आधी पोत्यांचं बोलू. रडायला घरात पुष्कळ माणसं आहेत, माझ्या वाटचं मी गोठ्यामागं जाऊन उरकून आलो. तुझ्या फोटोसमोर उभं राहिलं की मला काही सुचत नाही. फोटो पूनमनं निवडलाय. त्यात तू कुणाच्या तरी लग्नात नव्या साडीत अवघडून बसलीयेस. पोटची पोर असून तिला कळलं कसं नाही की ही तू नव्हेसच? पण तिला आता कोण बोलणार! म्हणून मी इथं भाताच्या खोलीत येऊन बसलोय. इथं तुझ्याशी निदान भांडता तरी येतं.

तुझं-माझं शेवटचं बोलणं पोत्यांवरून झालं. हे आपल्या दोघांनाच माहीत होतं, आणि आता मला एकट्याला. तेराव्याला आलेल्या बायका म्हणत होत्या, दीर-भावजयीचं काय गूळपीठ होतं! मी मान हलवत होतो. गूळपीठ होतं हे खरंच आहे. पण शेवटच्या संध्याकाळी मी तुझं वाढलेलं ताट सरकवून उठलो होतो, हेही खरं आहे. ते त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

दिवाळीनंतर भात झोडून झालं आणि अठरा पोती या खोलीत लागली. त्याच आठवड्यात मी माझं टेबल, कॉम्प्युटर आणि दोन स्पीकर घेऊन इथं घुसलो. वराळ्याच्या कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांनी केलेले पार्ट मोजतो, हा पास, हा फेल. मला एकदा स्वतःचं काहीतरी करून पास व्हायचं होतं. ट्रान्सचं, म्हणजे कॉम्प्युटरवर रचलेल्या नाचायच्या संगीताचं, एक गाणं, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत माझं. दादाला मात्र ही खोली पर्यटकांना द्यायची होती. "पावसाळ्यात भुशीच्या धरनावर पाय ठिवाया जागा नसती, निम्मी मान्सं हिकडं वळत्यात, आन ह्यो हितं धाड-धाड वाजवत बसनार," असं तो आईला सांगत होता, मला ऐकू जाईल अशा बेतानं. तू मध्ये पडलीस. "पावसापातूर ऱ्हाऊ द्या की. पोती बी हायेत, भाऊजी बी हायेत. दोगं बी एका जाग्यावर बसून ऱ्हात्यात, कुनाला तरास न्हाई." दादा हसला नाही, पण विषय सोडला. त्यानंतर त्यानं या खोलीत पाऊल टाकलं नाही. माझ्याशीही कामापुरतंच बोलायचा. आमच्या दोघांमधला रस्ता तुझ्यावरूनच जायचा.

मी आधी भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकले, कारण त्यानं आवाज घुमत नाही असं मोबाईलवर कुणीतरी सांगत होतं. तू दारात उभी राहून विचारलंस, "कोंबड्या कदी यायच्यात?" ट्रेंनी काडीचा फरक पडला नाही. फरक पडला तो पोत्यांनी. जाड आवाज, ज्याला आम्ही बेस म्हणतो, तो रिकाम्या खोलीच्या कोपऱ्यांत साठतो आणि घुमत राहतो. मग गाण्यात नसलेलंही आहे असं वाटतं. कोपऱ्यांत पोती रचली आणि तो घुमारा बसला, गाण्यात काय आहे ते खरं ऐकू यायला लागलं. हे मी तुला हातवारे करून समजावलं. तू म्हणालीस, "म्हंजी पोत्यांनी ऐकायचं आन तुमी वाजवायचं."

तू मला कायम तुमी. मी तुला तू. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी चौथीत होतो, माझं नाक तू पदरानं पुसायचीस आणि वर म्हणायचीस, "भाऊजी, तुमी शाळंला जावा." ते तुमी शेवटपर्यंत राहिलं, अगदी तू रागावलेली असतानासुद्धा.

सुपाचं भांडणही मिटलं नाही. रविवारी तू ओट्यावर तांदूळ पाखडत होतीस. सर्र, सर्र, सर्र, मधेच थोडं थांबून पुन्हा सर्र. ट्रान्समध्ये मिनिटाला एकशे अडतीस ठोके पडतात आणि दर दोन ठोक्यांच्या मधे बारीक खसखसणारा एक आवाज लागतो. तो नसला तर गाणं लंगडतं. लोक तो कॉम्प्युटरमधला तयार घेतात. मी म्हटलं, आपल्याला कशाला? तुला सुपासकट उठवून माइकसमोर बसवलं. तू पदर नीट केलास, जसा काही माइकला तो दिसणार होता. चांगली पंधरा मिनिटं तुझा हात चालला. तीन हात सरळ यायचे आणि चौथ्याला तू अंमळ रेंगाळायचीस. मी ते कॉम्प्युटरवर ओढून रेघेत बसवलं आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत तुला ऐकवलं.

"ह्ये माजं न्हाई," तू म्हणालीस.

"तुझंच आहे. फक्त चौथा हात उशिरा पडत होता, तो जागेवर आणला."

"चौथ्या हाताला खडा दिसतो, भाऊजी. त्यो बोटानं काढायचा म्हनून हात थांबतो. तुमी खडा न काढताच फुडं गेलात."

"गाण्यात कसला आलाय खडा?"

"मंग सूप तरी कशाला घेतलं?"

मी ते पुन्हा लावून आवाज वाढवला. पण तू सोडणारी नव्हतीस. जेवताना माझ्या दाताखाली कचकन काही आलं की तू लगेच म्हणायचीस, "चौथा हात, भाऊजी." पूनम हसून लोळायची. आईला काही कळायचं नाही, पण तीही हसायची.

तरी तुझा निकाल मी मानायचो, हे तुला कधी सांगितलं नाही. गाणं सहा मिनिटांचं, त्यातली पहिली दीड मिनिटं नुसते ठोके. तू दारात लसूण सोलत बसायचीस आणि विचारायचीस, "सुरू कदी व्हनार?" मी स्क्रीनकडे बघतोय असं दाखवायचो, पण बघायचो तुझ्या पायाकडे. अंगठा हलला आणि जोडवी फरशीवर टकटकली की तो भाग पास. कंपनीतसुद्धा मी एवढ्या काटेकोर माणसाच्या हाताखाली काम केलेलं नाही.

मग डिसेंबरचा तो शनिवार आला. पवनानगरच्या पुढं धरणाच्या काठाला एक कॅम्प आहे, तिथं संतोष साउंड सांभाळतो. माझा शाळेतला दोस्त. त्यानं मला संध्याकाळची सहा मिनिटं दिली. गाणं नेण्याआधी दोन दिवस मला इथं बेस फार वाटत होता, म्हणून मी तो कमी करत गेलो. अजून थोडा, अजून थोडा. तिथं मोठ्या स्पीकरवर गाणं लागलं आणि त्याला पोटच नव्हतं. वरची सगळी टिकटिक होती आणि खाली काही नाही, पत्र्याच्या डब्यात चिल्लर हलवावी तसं. नाचणारी पोरं थांबली आणि भज्यांच्या टेबलाकडं वळली. दोन मिनिटांत संतोषनं दुसरं गाणं लावलं. हसत म्हणाला, "लेका, बेस कुटं सांडलास? घाटात?"

मी घरी आलो, दिवा लावला आणि पोती मोजली. चौदा. तू चार पोती गिरणीला धाडली होतीस, आणि रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात बेस घुमत होता. तोच घुमारा खरा समजून मी तो गाण्यातून काढून टाकला होता. माझं चुकलं होतं, मी बघायला हवं होतं. पण माणूस तोंडावर आपटला की त्याला पाडणारं कुणीतरी लागतं.

"पोती कुठं गेली?" मी ओट्यावरूनच ओरडलो.

"गिरनीला. तांदूळ संपला व्हता."

"मला विचारायचं नाही?"

"घरात भात शिजवायचा म्हनून तुमाला इचारू?"

तेव्हा मी म्हणालो, "तुझी अक्कल चुलीपुरती, तुला काय कळणार त्यातलं!" आईसमोर, पूनमसमोर. तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस. "मंग खायाचं काय, तुमचं गानं?" एवढंच म्हणालीस, आणि माझं ताट वाढलंस. वर तूपही घातलंस. मी जेवलो, आणि माफी मागितली नाही. आज सांगतो वहिनी, त्या वाक्याची मला तेव्हाच लाज वाटली होती. नुसती वाटून काय उपयोग, तोंडातून यायला हवी होती.

चार दिवसांनी मी कंपनीतून आलो तर खोलीत पुन्हा अठरा पोती. "घ्या, मोजा," म्हणालीस. आणि मी खरोखर मोजली! कुठून आली ते विचारलं नाही. मी जिंकलो, एवढंच मला कळलं. तेव्हापासून मी रोज कामावरून आलो की पाय धुवायच्या आधी पोती मोजायचो, आणि रोज अठरा भरायची. तू चुलीपाशी बसून माझी मोजणी ऐकायचीस.

फेब्रुवारीत तर खोली एकदम गोड झाली. बेस कसा हाताला लागेल असा स्वच्छ. मी संतोषला फोनवर सांगितलं की आता माझे कान तयार झालेत. तो म्हणाला, मग ये एप्रिलात, पुन्हा सहा मिनिटं देतो, पण या वेळी माझी इज्जत जायला नको. तारीख ठरली. मी कंपनीत रजा टाकली. तुझी जोडवी आता तिसऱ्या मिनिटापासून शेवटापर्यंत थांबत नव्हती. फक्त सुपाचा भाग आला की पाय थबकायचा आणि तू माझ्याकडे बघायचीस. मी नजर वळवायचो.

शनिवारला तीन दिवस राहिले होते. बुधवारी आलो, पोती मोजली. सतरा. पुन्हा मोजली. सतरा. माझ्या डोक्यात डिसेंबर उभा राहिला, ती भज्यांच्या टेबलाकडं वळलेली पोरं. मी स्वयंपाकघरात आलो. तू ताट केलं होतंस.

"सतरा आहेत," मी म्हणालो.

"उद्या येईल," तू म्हणालीस.

"गेलेलं पोतं परत येतं होय?"

"येतं. जेवा आता."

मला वाटलं, लहान पोराला चुचकारावं तशी मला चुचकारतेयस. मी ताट सरकवलं आणि उठलो. तू हाक मारलीस, "भाऊजी," मी थांबलो नाही. सकाळी तू उठायच्या आत पहिली बस धरून गेलो. कंपनीत मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दुपारी बाहेर आलो तेव्हा दादाचे कॉलवर कॉल पडले होते. कामशेतच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तुझ्या पायाकडे आधी लक्ष गेलं. अंगठा हलतो का, ते मी बराच वेळ बघत होतो.

तुला काय सांगायचं होतं, तू हाक का मारलीस, हे मी अकरा दिवस स्वतःला विचारत होतो. शनिवार आला आणि गेला. संतोष येऊन बसून गेला, गाण्याचा विषय त्यानं काढला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी दादा या खोलीच्या दारात आला. नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. "उद्याच्या जेवनाला तांदूळ लागंल. पोती काड भाईर, जीपमधी टाकू." मग भिंतीकडे बघत म्हणाला, "आन गिरनीतनं आलो का सगळंच काडू. ट्येबल बी. आता कुनासाठी ठिवायची खोली?" मधलं माणूसच राहिलं नव्हतं. मी वरच्या पोत्याला हात घातला.

भाताचं पोतं उचलायचं म्हणजे गुडघे वाकवून, दात आवळून जोर लावायला लागतो. मी तसा लावला, आणि पोतं छातीशी घेऊन मागच्या मागं टेबलावर आदळलो. पोत्याला वजनच नव्हतं. दादा आत आला. त्यानं दुसरं उचललं, एका हातात आलं. तिसरंही तसंच. तोंडं सुतळीनं शिवलेली होती, तुझ्या बारीक टाक्यांनी. दादानं चाकूनं एक टाका तोडला आणि हात आत घातला. मूठभर तूस निघालं. भात भरडल्यावर वरची फोलपटं राहतात ती. गिरणीवाला ती उकिरड्यावर टाकतो.

"दर टायमाला गिरनीतनं ह्ये भरून आनायची," दादा हळू म्हणाला. "मी म्हनलं, कशाला? तर म्हनली, बंबाला. मी जीपमधनं उतरून ओट्यावर ठिवायचो." तो जमिनीवर बसला. "बंबाला तर आपन लाकडं घालतो रं."

आम्ही दोघांनी सगळी पोती उतरवली. बारा तुसाची. तळाची पाच तेवढी भाताची.

घरात पाच माणसं, दोन्ही वेळेला भात, पाहुण्यारावळ्यांना वेगळा. डिसेंबरपासून मी पोटभर जेवत होतो आणि रोज पोती अठराची अठरा मोजत होतो. दिवसभर पार्ट मोजायचा पगार घेणाऱ्या माणसाला हा हिशेब एकदाही सुचला नाही! पोतंभर भाताचं पोतंभर तूस निघतं, हे या खोऱ्यात शेंबड्या पोराला माहीत आहे. मी कामावर गेलो की तू एक पोतं धाडायचीस, संध्याकाळच्या आत तूस भरून, शिवून, ओढत आणून त्याच जागी लावायचीस. तूस अंगाला किती खाजतं! तुझ्या हातांवर लाल चट्टे असायचे, मी तुला एकदा म्हटलंसुद्धा, साबण बदल. आणि फेब्रुवारीत माझे कान बिन काही तयार झाले नव्हते. आवाज गिळायला भातापेक्षा भुसभुशीत तूस बरं, एवढंच झालं होतं.

मला तुझा रागही आला, वहिनी. एका शब्दानं सांगायचं होतंस. मला खजील करायचं होतंस, चारचौघांत बोलायचं होतंस की बघा, ह्या शहाण्याला तूस आणि भात कळत नाही. तू ते आयुष्यभर पुरवून पुरवून वापरलं असतंस, मला माहीत आहे. कदाचित बुधवारी त्याचसाठी हाक मारली असशील.

तळातली तीन पोती घेऊन आम्ही गिरणीला गेलो. गिरणीवाले आबा तुझ्याबद्दल हळहळले, मग कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "तुमचं एक पोतं पडलंय की हितं. त्या बुदवारी लाईट न्हवती, बाईनं सांगून धाडलं, उद्या न्हेतो म्हनून. दुसऱ्या दिशी भरडून ठिवलं, पन न्ह्यायला कुनीच आलं न्हाई, आन मंग कळलं..." त्यांनी पुन्हा कोपरा दाखवला. "तांदूळ त्यो तितं. आन तूस बी भरून ठिवलंय, टाकलं न्हाई. लय बजावलं व्हतं बाईनं. म्हनली, आबा, एक बी कमी पडू देऊ नगा, आमच्या भाऊजींना मोजाया लागत्यात."

मी बाहेर जीपपाशी जाऊन उभा राहिलो. आतून दादाचा आवाज आला. तो आबांना सांगत होता, "ह्या तीन पोत्यांचं बी तूस भरून द्या."

घरी आल्यावर दादानं चारही पोती स्वतः पाठीवर घेतली. एका हातात येणारी पोती, पण एकेक करून, वाकून, भाताची असावीत तशी आणली आणि मला विचारून विचारून जागेवर लावली. टेबलाला हात लावला नाही. मी विचारलं, "पावसापर्यंत?" तो म्हणाला, "बगू." मग दारात, तुझ्या जागी, थोडा वेळ बसला.

काल तेरावा झाला. आज दुपारी मी गाणं उघडलं. शनिवारला तीन दिवस आहेत; संतोषनं पुन्हा सहा मिनिटं देऊ केलीत आणि मी हो म्हणून सांगितलंय. भीती डिसेंबरइतकीच वाटतेय. सुपाचा चौथा हात मी जिथं तू टाकला होतास तिथं परत नेऊन ठेवला, सगळ्या सहा मिनिटांत, एकेक करून. दर चौथ्याला गाणं जरासं रेंगाळतं, खडा निघतो आणि मग पुढं जातं. तुझं बरोबर होतं. हे मी तुझ्या तोंडावर कबूल केलं असतं की नाही, देव जाणे. बहुतेक नसतं केलं.

तुझं पोतं यायला बारा दिवस लागले, वहिनी, पण आलं. मी आत्ता मोजली. अठरा आहेत. जेवायला जातो.